मधली रेघ

टीव्ही बिघडला तेव्हा तो खरोखरच बिघडला होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा, यावर बरीच भवति न भवति झाली आणि त्या गडबडीत बिचाऱ्या टीव्हीच्या माथी त्याच्या वाटणीपेक्षा जास्त पाप आलं.

झालं असं की पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला दोन सावल्या फुटल्या. एक लाल, डाव्या अंगाला. एक निळी, उजव्या अंगाला आणि जरा वर. बातम्या देणारी बाई तीन तोंडांनी बातम्या देऊ लागली. फुटबॉलच्या मैदानावर तीन चेंडू धावू लागले आणि गोल नेमका कुठल्या चेंडूचा धरायचा ते कळेना.

टीव्ही जुना, पाठीमागून चित्र फेकणारा. कपाटाएवढं धूड. त्याच्या पोटात तीन नळ्या असतात, लाल, हिरवी आणि निळी. तिघी आपापलं चित्र मागच्या आरशावर टाकतात आणि आरसा ते आतून पडद्यावर फेकतो. तिन्ही चित्रं एकमेकांवर बरोब्बर बसली तर माणूस माणसासारखा दिसतो, नाहीतर वर सांगितली तशी गत. असले टीव्ही लोकांनी कधीच भंगारात दिले. या घरात तो टिकला, कारण घरधन्याने त्याच्यासाठी बैठकीच्या खोलीत मापाचा ओटा बांधला होता, ओट्याला फरशी लावली होती, आणि टीव्ही व फरशीची कड यांच्यात नखसुद्धा जाणार नाही इतकं ते माप चोख होतं. लेकीने लग्नानंतर दोनदा सांगितलं, चपटा नवा टीव्ही पाठवते म्हणून. "मग या ओट्याचं काय करू?" असं तो विचारी आणि विषय तिथेच मिटे.

घरधनी धंद्याने फरशी लावणारा. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याला दोरी लागत नसे. गुडघे टेकायचे, गाल जमिनीला लावायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने ओळीवरून नजर फिरवायची. "चौथी उचला," तो म्हणे, आणि चौथी फरशी खरंच केसभर बाहेर आलेली निघे. "माणूस दोन डोळ्यांनी जग बघतो आणि एका डोळ्याने काम बघतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. नवीन पोराला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी ते ऐकवलं जाई.

एवढ्या वर्षांत त्याची नजर चुकलेली कुणी पाहिली नव्हती. ती नजर म्हणजे त्या घराची भाकरीच. पण तिचा एक वाईट परिणाम झाला होता. त्याच्या आसपासच्या लोकांनी आपापली नजर वापरायचंच सोडून दिलं होतं. घड्याळ तिरकं लागलंय का, पलंग भिंतीला समांतर आहे का, सगळ्याचा निवाडा त्याच्याकडे. त्याची बायको घरी पडदे शिवायची. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत, तर आपणही वहिनीच म्हणू. पडद्याची खालची दुमड घालून झाली की वहिनी तो दारात धरून उभ्या राहत आणि नवरा एक डोळा मिटून पास की नापास ते सांगे. हजारो हात सरळ शिवण घातलेल्या बाईला सरळ म्हणजे काय ते कळत असणारच की. पण तसं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

टीव्ही दुरुस्त करायला रेडिओवाला आला. रेडिओ जाऊन जमाना लोटला तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ओळंब्याचा जुना दोस्त. त्याने मागचं झाकण उघडलं, पहिल्यांदा धुळीला शिव्या घातल्या, मग हात घालून दोन जळक्या चिपा दाखवल्या.

"या दोघींचं काम तिन्ही रंगांना एका जागी आणायचं. या गेल्या की रंग मोकाट."

"म्हणजे मुकादमच झोपला म्हण की."

"झोपला नाही, मेला."

त्याने नव्या चिपा आणल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला पांढरं मलम चोपडून त्या बसवल्या, कथलाचे डाग दिले. आरसा तेवढा ओळंब्याला पुसू दिला नाही. "हा तुझ्या मोरीतला आरसा नाही. याचा पारा वरच्या बाजूला असतो. फडकं लावलंस की चरे पडले," असं म्हणून नुसती फुंकर मारली. मग टीव्ही चालू करून अर्धा तास तसाच तापू दिला, वहिनींनी खिडकीचे जाड पडदे ओढले, आणि रेडिओवाल्याने रिमोटची कसली तरी गुप्त बटणं दाबून आतला मेन्यू काढला. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी उमटली. मध्यभागी एक टिंब.

आता काम असं असतं: आधी हिरव्या रेघा सरळ करायच्या. मग लाल रेघा त्यांच्यावर आणून बसवायच्या, मग निळ्या. तिन्ही एकमेकींवर बसल्या की तिथे पांढरी रेघ होते. एकेक चौकट धरून रिमोटने केसाकेसाने सरकवायचं. कंटाळवाणं काम, पण दोन्ही दोस्तांना त्याची गोडी होती. वहिनी चहा घेऊन आल्या तोवर अख्खी जाळी पांढरी झाली होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या सरळ रेघा. वहिनींना ते नव्या रंगवलेल्या भिंतीइतकं आवडलं.

"साठवतो," म्हणत रेडिओवाल्याने बोट उचललं.

"थांब," ओळंबा म्हणाला. त्याने पडद्यापुढे बैठक मारली, डावा डोळा मिटला. "मधली रेघ वाकडी आहे."

"कुठे?"

"ही काय. टिंबाजवळ आत ओढल्यासारखी दिसतेय. आडवीसुद्धा. दिसत नाही तुला?"

रेडिओवाल्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "हां," तो म्हणाला. "असेल जराशी."

"जराशी काय? चांगली खाली बसलीय. नाचता येईना, अंगण वाकडं! मशीन काय करेल, तुझाच हात हलला."

वहिनींनीही पाहिलं. त्यांना रेघ सुतासारखी सरळ दिसली. पण गेल्याच वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, डोळ्यांत कृत्रिम भिंगं बसवली होती. तेव्हापासून त्यांना सगळं आधीपेक्षा लख्ख दिसे, पण घरात अजून 'तुझे डोळे' म्हटलं की कीव केल्यासारखंच म्हणत. आपलीच भिंगं फसवत असतील, असं त्यांना वाटलं आणि त्या गप्प राहिल्या. ओळंब्याने सांगितलं तशी रेडिओवाल्याने मधली रेघ वर घेतली, मग जरा बाहेर घेतली, आणि साठवून टाकली.

अशा रीतीने तीन जाणत्या माणसांनी एका सरळ रेघेकडे पाहून ती वाकडी असल्याचा एकमताने निर्णय दिला. दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक झाली नसती. कुणीतरी म्हणालंच असतं, बाबा रे, सरळ तर आहे!

दुसऱ्या दिवशी बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड एकच होतं, पण दाढ ठणकत असल्यासारखा तिचा एक गाल सुजला होता. ती मान हलवी तशी सूज नाकावर जाई. ओळंबा कामावरून येऊन जेवायला बसला होता. दोन डोळ्यांनी त्यालाही ते दिसलं.

"रेडिओवाला म्हातारा झाला," तो म्हणाला. "आता मीच करतो."

आणि तो करू लागला. गुप्त बटणं त्याने पाठ केली. रोज कामावरून आला की हातपाय धुवायचे, पडदे ओढायचे, टीव्ही तापवायचा आणि एक डोळा मिटून जाळीपुढे बसायचं. पण काम पुरं म्हणून होईना. मधली रेघ सरळ केली की तिच्या शेजारची आत जाई. ती केली की तिसरी. परत मधलीकडे यावं तर ती पुन्हा वाकडी. रोज थोडी दुरुस्ती होई आणि रोज बातम्यांतल्या बाईला नवा आजार जडे. वहिनी शिवणाच्या मशीनवर बसून हे बघत आणि मनात म्हणत, पुरुषाला एक खेळणं लागतंच, लागू दे.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी तो वैतागून म्हणाला, "या पडद्याला काय झालंय कळत नाही. जिथे बघावं तिथेच वाकडं. बाजूचं सरळ, आणि त्याच्याकडे बघायला गेलं की तेच वाकडं."

वहिनींचा पाय मशीनच्या पट्टीवरच थांबला.

हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. ऑपरेशनच्या वेळी, डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथे बसायच्या बाकासमोर भिंतीवर असलीच चौकटींची जाळी लावली होती, मध्ये टिंब. बाईडॉक्टरांनी त्यांना एकेक डोळा झाकून टिंबाकडे बघायला लावलं होतं आणि विचारलं होतं, रेघा कुठे वाकड्या दिसतात का? जिथे बघाल तिथेच वाकडं असं होतं का? वहिनी नाही म्हणाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, छान, पण असं कधी झालं तर त्याच आठवड्यात या. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला, मधोमध, नजरेची मुख्य जागा असते. ती सुजली की रेघा वाकतात. लवकर आलात तर वाचवता येते, उशीर केलात तर मधलं दिसायचंच बंद होतं. कडेकडेचं तेवढं उरतं.

वहिनींना भीती वाटली. सरळ, साधी भीती. ओळंब्याचा उजवा डोळा. आणि तो रोज त्या डोळ्याने जाळीकडे बघत बसला होता, आणि त्याला वाटत होतं टीव्ही बिघडलाय.

त्याच रात्री जेवताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्याकडे तेव्हा एका शाळेच्या सभागृहाचं काम होतं. करड्या फरशा आणि मधोमध, दारापासून मंचापर्यंत, एक काळी पट्टी. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब काम.

"आज काळ्या पट्टीच्या दोन ओळी उखडायला लावल्या," तो म्हणाला. "थोरल्याने लावल्या होत्या. इतकी वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि अजून सरळ लावता येत नाही. चारचौघांत झापला चांगला."

"मग? तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? मान खाली घालून उखडल्या."

थोरला म्हणजे त्याचा सगळ्यात जुना कारागीर. त्याने ओळी सरळच लावल्या असणार, हे आता वहिनींना दिसत होतं, आणि त्या सरळ ओळी त्याने ओळंब्याच्या शब्दाखातर उखडून वाकड्या लावल्या असणार, हेही. रेडिओवाल्याने केलं तेच. पोरांचं शाळेतलं सभागृह, आणि त्यातून जाणारी सुजलेली काळी पट्टी. नाव जाणार ते जाणार, डोळाही जाणार, आणि दोन्ही जाईपर्यंत कुणी ब्र काढणार नाही.

वहिनींनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ब्र काढला. "अहो, एकदा डोळे दाखवून या ना."

"कुणाचे?"

"तुमचे."

तो हसला. "ऑपरेशन तुझं झालं, आणि डोळे माझे दाखवायचे?"

"मला ती रेघ सरळ दिसत होती. पहिल्या दिवशीच दिसत होती."

"तुला भिंती निळ्या दिसत होत्या महिनाभर," तो म्हणाला. तेही खरंच होतं, ऑपरेशननंतर काही दिवस दिसल्या होत्या. "अगं, माझ्या नजरेचं कुणालाही विचार. साऱ्या गावाला विचार."

तोच तर घोळ होता. साऱ्या गावाने तेच सांगितलं असतं. वहिनी जाळीच्या तक्त्याचं सांगू लागल्या, तोवर तो चपला घालून निघूनही गेला.

दुपारी वहिनी शिवण बाजूला ठेवून रेडिओवाल्याच्या दुकानात गेल्या. तो एका पंख्याचं पोट फाडून बसला होता.

"भाऊजी, एक विचारते, खरं सांगायचं. त्या दिवशी मधली रेघ तुम्हाला वाकडी दिसली होती?"

रेडिओवाल्याने पेचकस खाली ठेवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "खरं सांगू?"

"त्यासाठीच आलेय."

"मला सरळच दिसत होती, वहिनी. पण तो म्हणाला वाकडी. म्हटलं, ओळंबा म्हणतोय म्हणजे असेल. त्याच्यापुढे माझ्या चष्म्याचं काय चालणार?" मग त्याचा चेहरा बदलला. "का? तुम्हालाही सरळच दिसली?"

"सरळच."

मग वहिनींनी त्याला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आपण सगळे मूग गिळून बसलो की." आणि जरा वेळाने, "पण त्याला सांगणार कोण? माझं ऐकायचा नाही. तुमचं तर..."

"माझं तर नाहीच," वहिनी म्हणाल्या. "माणसाचं तो कुणाचंच ऐकणार नाही. तुम्ही उद्या या. रविवार आहे, तो घरीच असेल. आधी जाळी पहिल्यासारखी सरळ करू, आणि मग बघू."

रविवारी रेडिओवाला आला. ओळंब्याने त्याला बोलणी खाऊ घातली, त्याने ती मुकाट्याने खाल्ली. पडदे ओढले, टीव्ही तापला. ओळंबा आत आंघोळीला गेला तेवढ्यात रेडिओवाल्याने सगळी जाळी कंपनीच्या मूळ आकड्यांवर नेऊन ठेवली आणि वरून हात फिरवून पांढरी केली. ओळंबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला, पडद्यापुढे बसला, डावा डोळा मिटला.

"काही फरक नाही," तो म्हणाला. "मधली अजून वाकडीच."

"मला सरळ दिसतेय," रेडिओवाला म्हणाला. पडद्यावरून नजर न हलवता, पण म्हणाला.

ओळंब्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत हे पहिल्यांदाच होत होतं.

"मलाही," वहिनी म्हणाल्या.

"बरं! म्हणजे आता दोघं मिळून मला शिकवणार."

"शिकवत नाही. भांडण तरी कशाला? सूत लावा." वहिनींनी मशीनवरचं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ उचललं. "सूत काही कुणाच्या बाजूने बोलत नाही."

सूत म्हणजे धंद्यातलं शेवटचं कोर्ट. ओळंबा स्वतः ते वापरत नसला तरी त्याचा निकाल नाकारणं त्याच्याने झालं नसतं. शिवाय त्याला खात्री होती. "लावा," तो म्हणाला. "मधल्या आडव्या रेघेवर लावा. लगेच कळेल."

वहिनींनी दोऱ्याचं एक टोक पडद्याच्या डाव्या कडेला धरलं, रेडिओवाल्याने दुसरं उजव्या कडेला. दोरा रेघेवर बरोबर बसला, इतका की वहिनींना दोरा कुठला आणि रेघ कुठली ते सांगता आलं नसतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो एका डोळ्याने बघत होता.

"ढिला आहे," तो म्हणाला. "मध्ये झोळ आलाय. ताणा."

त्यांनी ताणला.

"अजून. टिंबाजवळ बघा ना, कसा खाली बसलाय. अगं, नीट धर, तू सोडतेयस."

"सोडत नाहीय."

"मग तो सोडतोय. ताण रे! खायला मिळत नाही का घरी?"

रेडिओवाल्याने दोरा बोटाला दोन वेढे देऊन ओढला. वहिनींनी दुसऱ्या बाजूने ओढला. दोरा त्यांच्या बोटात रुतला, बोटाचं टोक पांढरं पडलं. त्यांना रडू येत होतं. बोटामुळे नव्हे.

"अजून ताणा! सूत असं असतं का? मधे हा एवढा झोळ..."

दोरा तुटला.

दोन्ही टोकं दोघांच्या हातांत राहिली. पडद्यावर पांढरी जाळी तशीच होती. ढिला दोरा तुटत नाही, हे सांगायची त्या खोलीत कुणाला गरज नव्हती, आणि ओळंब्याला तर मुळीच नव्हती.

मग त्याने डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला. पुन्हा उलट केलं. पुन्हा. दिव्याचं बटण दाबून बघावं तसं त्याने ते बऱ्याचदा केलं.

"दोरा नवा होता?" त्याने विचारलं.

"नवाच," वहिनी म्हणाल्या.

"हं."

तो उठला. वहिनींना वाटलं आता बाहेर निघून जाईल. पण त्याने फोन उचलला आणि थोरल्याला लावला. रविवार असल्याने फोन लगेच उचलला गेला नाही. ओळंबा उभ्यानेच वाट बघत राहिला.

"मी बोलतोय. त्या काळ्या पट्टीच्या दोन ओळी... तू पहिल्यांदा लावल्या होत्यास ना, तशाच परत लाव. त्या बरोबर होत्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, बरोबर होत्या. माझंच चुकलं. आणि हे मी तुला एकट्याला सांगतोय असं नाही, चारचौघांत झापलं होतं, चारचौघांत सांग. मी सांगितलं म्हण." परत काहीतरी विचारलं गेलं. "नाही, उद्या मी येणार नाही. तू सूत बांधून लाव. माझी वाट बघू नका."

फोन ठेवून तो वहिनींना म्हणाला, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई सकाळी किती वाजता येतात?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी डोळ्यांत औषध घालून आत बघितलं, मशीनवर फोटो काढले. उजव्या डोळ्यात मागे मधोमध पाणी साचून सूज आली होती. दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि तेही डोळ्यातच. ओळंब्याने हातोडीखाली बोट सापडलं तरी कधी हूं की चूं केलं नव्हतं, पण हे ऐकून त्याने खुर्ची जरा मागे सरकवली. आणखी बिघडणार नाही असं बघू, डॉक्टर म्हणाल्या. जे वाकलंय त्यातलं काही सरळ होईल, काही राहील. सगळं पहिल्यासारखं होईल असा शब्द देत नाही. डावा डोळा ठणठणीत आहे. आणि हो, आणखी उशीर झाला असता तर हा डोळा मधून गेलाच असता. तुम्ही स्वतःच ओळखलंत का?

"हिने," तो म्हणाला.

पहिलं इंजेक्शन झालं. त्यानंतर काही दिवस तो घरीच होता. चिडचिड केली, दोनदा ताटावरून उठला, एकदा लेकीशी फोनवर चांगलं हसून बोलला. थोरला येऊन सभागृहाचं काम कुठवर आलं ते सांगून गेला. टीव्ही कुणी लावला नाही. रेडिओवाल्याने सरळ केलेली जाळी त्या रविवारच्या गडबडीत साठवायची राहून गेली होती, त्यामुळे लावला असता तरी बातम्यांतल्या बाईचा गाल सुजलेलाच दिसला असता.

एका संध्याकाळी वहिनी शिवण आवरत होत्या तेव्हा त्याने स्वतःच पडदे ओढले, टीव्ही चालू करून तापायला ठेवला आणि खुर्ची आणून पडद्यासमोर मधोमध ठेवली.

"बस," तो म्हणाला.

"मी?"

"मग काय मी? बस."

वहिनी बसल्या. तो टीव्हीच्या बाजूला, जमिनीवर, ओट्याला पाठ टेकून बसला. तिथून पडदा दिसत नव्हता. रिमोटचा हात तेवढा त्याने पुढे काढला, गुप्त बटणं न बघता दाबली आणि जाळी आणली.

"हिरव्यापासून. सांग."

"डावीकडे वर... मला वाटतं जरा खाली घ्यायला हवं."

"वाटतं नको. आहे की नाही ते सांग."

"खाली घ्या."

त्याने खाली घेतलं. "आता?"

"अजून. अजून थोडं. अहो, फार झालं! वर घ्या."

फार झालं, हे त्याला कुणी म्हणायची सवय नव्हती. वहिनींनाही म्हणायची नव्हती. सुरुवातीला प्रत्येक चौकटीला त्या अडखळत होत्या, त्याच्या खांद्याकडे बघून मग बोलत होत्या. पण हिरवा रंग होत आला तोवर त्यांना लय सापडली. डावीकडे, थांबा, एक बटण मागे, बस. लाल रंग त्यांनी एकही चौकट परत न करता संपवला. निळ्याला तो मध्येच म्हणाला, "पाठ दुखते माझी," तर वहिनी म्हणाल्या, "दुखू दे, सहा चौकटी राहिल्यात." तो गालात हसला, पण ते वहिनींना दिसलं नाही. त्यांचं लक्ष जाळीवर होतं.

शेवटची निळी रेघ हिरव्यात आणि लालमध्ये मिसळून पांढरी झाली. वहिनी खुर्चीवरून उठल्या, डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने पाहिलं, जवळ जाऊन मधलं टिंब पाहिलं.

"मधली कशी आहे?" त्याने विचारलं.

"सरळ."

"साठवलं की मागचे आकडे पुसले जाणार."

"मग आधी तुम्ही एकदा बघून घ्या ना. डाव्या डोळ्याने बघा."

तो जागचा हलला नाही. रिमोट त्याच्या हातात होता, अंगठा बटणावर.

"तू बघितलंस ना?"

"बघितलं."

त्याने बटण दाबलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पडद्याकडे न बघता, पाठ चोळत, चहाचं आधण ठेवायला आत गेला.